हळूतात्यांची बाजू

कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला उंदीर. हळूतात्यांना अर्ध्यात अडलेलं वाक्य बघवत नसे. समोरचा माणूस "ते आपलं... ते हे..." करायला लागला की तात्यांच्या ओठांतून पुढचा शब्द आपसूक निसटायचा, आणि तोही इतका हळू की समोरच्याला वाटावं, वा, आपल्यालाच आठवला! किराणा दुकानात, बसच्या रांगेत, एकदा तर स्मशानात, भाषण करणाऱ्या नगरसेवकाला दिवंगताचं नाव आठवेना तेव्हासुद्धा. जित्याची खोड, ती स्मशानात तरी कशी जाणार?

ही खोड धंद्याची होती. म्हणजे पोटापाण्याचा धंदा निराळा. दिवसभर तात्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत आणि गिऱ्हाइकाला विचारत, "आता नीट दिसतंय की मघाशी?" पण गाव त्यांना ओळखायचं ते नाटक मंडळींचे प्रॉम्प्टर म्हणून. उजव्या विंगेत एक बसकं स्टूल, मांडीवर संहिता, तिच्यावर कागदाची टोपी घातलेला दिवा, आणि तात्या. संहिता नुसती शोभेला. दोन तालमी झाल्या की सगळं नाटक त्यांच्या डोक्यात मुक्कामाला यायचं आणि प्रयोग संपले तरी जागा सोडायचं नाही. नट मात्र कृतघ्न जात. अडले की म्हणणार, "तात्या, फार हळू सांगता बुवा!" आणि टाळ्या पडल्या की तात्या कोण? त्यावरून नाव पडलं हळूतात्या. तात्यांना त्याचं काही वाटत नसे. आपण दिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. होते दोन मेहुणे, म्हणजे बायकोचे भाऊ. बायकोला सगळं गाव ताई म्हणायचं, म्हणून आपणही ताईच म्हणू. ताईंचा मोठा भाऊ दादा, निवृत्त हेडमास्तर, लग्न न केलेला, गळ्यात बाराही महिने मफलर, आणि बोलण्याआधी एक छोटा खोकला, वर्ग गप्प करायचा. धाकटा भाऊ, त्याला सगळे धाकटाच म्हणत, औषधांच्या दुकानाचा मालक, पांढरा कोट, कानामागे पेन. दोघेही नाटक मंडळींतले जुने नट. दर रविवारी दुपारी दोघे बहिणीकडे जेवायला यायचे. धाकट्याची बायको त्या वेळी दुकान सांभाळायची. धाकट्याचा मुलगाही यायचा पूर्वी. त्याला लहानपणी बेरीज-वजाबाकी दादांनी शिकवली, सायकल तात्यांनी, आणि लाड ताईंनी केले. आता तो आघाडीवर होता. त्याची खुर्ची टेबलाशी तशीच होती, तिच्यावर कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

लढाई सुरू झाली तेव्हा सगळं गाव एका सुरात बोलत होतं. ती लांबत गेली तसे सूर दोन झाले. नदीपलीकडचा पट्टा सोडून द्यायचा आणि लढाई थांबवायची, असा एक करार राजधानीत टेबलावर पडला होता. तो कुणी उचलेना, कुणी फाडेना. गावात दोन पक्ष पडले, 'पुरे'वाले आणि 'शेवटपर्यंत'वाले. छातीवर बिल्ले आले. न्हाव्याने खुर्चीत बसवण्याआधी बिल्ला बघायला सुरुवात केली, कारण वस्तरा हातात असताना वाद नको म्हणे. बेकरीवाल्याकडे दोन रांगा झाल्या. पाव तोच, भट्टी तीच, शिळा निघाला तर दोष मात्र समोरच्या रांगेचा. ज्यांना आपल्या गल्लीतलं गटार कुठे तुंबलंय ते ठाऊक नव्हतं, ते नदीपलीकडच्या टेकड्यांची उंची सांगू लागले.

दादा 'पुरे'वाले. धाकटा 'शेवटपर्यंत'वाला. ज्याचा मुलगा तिथं चिखलात बसलाय तोच लढा म्हणतो आणि ज्याला मूल नाही तो थांबवा म्हणतो, याचं लोकांना नवल वाटायचं. तात्यांना वाटत नसे. ते दर रविवारी समोर बसून दोघांचं ऐकत होते. धाकट्याची बायको एवढंच म्हणायची, "तुम्ही भाऊ भाऊ काय ते ठरवा. मला फक्त फोन वाजलेला ऐकायचाय."

तर एका रविवारी व्हायचं ते झालं.

"अरे, पण लढायचं कशासाठी?" दादांनी खोकून विचारलं.

"कशासाठी म्हणजे? माझं पोरगं तिथं... इतके दिवस तिथं... ते..." धाकटा अडला. डोळ्यांत पाणी आलं की त्याचे शब्द जायचे.

"उगाच गेला होता, असं उद्या त्याला कुणी म्हणू नये, म्हणून," तात्या हळूच म्हणाले.

"हां! उगाच गेला होता, असं उद्या त्याला कुणी म्हणू नये, म्हणून!" धाकट्याने टेबलावर हात आपटला. "आणि दादा, तुझा तो करार करून हातात काय पडणार? पट्टा जाणार, इज्जत जाणार. पडणार काय?"

दादांचा खोकला आला, पण खोकल्यामागे वाक्य आलं नाही. "पडणार... म्हणजे आपल्याला..."

"रविवारी तो जेवायला येईल," तात्या म्हणाले.

"रविवारी तो जेवायला येईल!" दादा ओरडले.

एक क्षण सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. खरं तर तिथंच वाद मिटायचा. पण भावाभावांचं भांडण ऐन मिटण्याच्या वेळी तिसऱ्याच्या अंगावर जातं. धाकटा तात्यांकडे वळला. "दाजी, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूचे?"

"मी? मी कुठे काय..."

"दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या पाण्यात पडतो, तात्या," दादा म्हणाले आणि मफलर गुंडाळत उठले. धाकटाही उठला. ताटं तशीच राहिली.

त्या दिवसापासून ताईंचा रविवार फाटला. दादा दुपारी येणार, धाकटा संध्याकाळी. दोन वेळा स्वयंपाक, आणि दोन वेळा तेच गाऱ्हाणं, फक्त आरोपी बदललेला. ताई वरून हसायच्या, पण एका रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्या तात्यांना म्हणाल्या, "अहो, उद्या मुलगा परत आला, तर मी त्याला दुपारी वाढू की संध्याकाळी?" तात्यांना उत्तर सुचलं नाही. दुसऱ्याची वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोपुढे एक शब्द सापडू नये, याची त्यांना लाज वाटली. आणि मनातून भीतीही वाटली, कारण टेबल मोडलं ते आपण दिलेल्या दोन वाक्यांनी, असं त्यांना पक्कं वाटत होतं.

त्यातच मंडळींचा वार्षिक प्रयोग आला. दरवर्षी हा प्रयोग म्हणजे सरकारपासून नगरपालिकेच्या नळापर्यंत सगळ्यांची टर उडवण्याचा. यंदा टर कुणाची, यावर सभा झाली आणि सभेत खुर्च्या सरकल्या. शेवटी तोडगा निघाला. मध्यंतराआधी 'पुरे'वाल्यांचं प्रहसन, दादांनी लिहिलेलं. मध्यंतरानंतर 'शेवटपर्यंत'वाल्यांचं, धाकट्याने लिहिलेलं. कुणीतरी विचारलं, "आणि प्रॉम्प्टिंगला?"

"तात्या," दादा म्हणाले.

"दाजी," धाकटा म्हणाला.

कित्येक आठवड्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

दादांच्या प्रहसनात एक सेनापती-डॉक्टर होता. पांढरा कोट, कानामागे पेन. देश नावाचा रोगी समोर कण्हत पडलेला, आणि डॉक्टर चिठ्ठी लिहितोय: सकाळ-संध्याकाळ एकेक तोफ, जेवणानंतर. गुण आला नाही तर दोन. रोगी विचारतो, बरा कधी होणार? डॉक्टर म्हणतो, विजय शेजारच्याच खोलीत आहे. दार उघडलं तर आत आणखी एक दार. त्याच्याही आत दार. डॉक्टरांची भूमिका दादा स्वतः करत होते आणि धाकट्याची चाल, त्याचं डोळे बारीक करून चिठ्ठी वाचणं, त्याचा आवाज, सगळं महिनाभर घोटत होते.

धाकट्यानेही उट्टं काढलं होतं. त्याच्या प्रहसनात मफलरवाले शांतिदूत मास्तर खडू-फडकं घेऊन शत्रूकडे जातात आणि फळ्यावर सरहद्द काढतात. शत्रू म्हणतो, इथे जरा आत. मास्तर पुसतात. अजून जरा. पुसतात. शेवटी फळा कोरा, आणि मास्तर स्टुलावर एका पायावर उभे. "एवढं स्टूल तरी आमचंच ना?" तर शत्रू म्हणतो, "ते बघू वाटाघाटींत!" मास्तर धाकटा स्वतः, छोट्या खोकल्यासकट.

तात्या सोमवारी एकाच्या तालमीला, गुरुवारी दुसऱ्याच्या. इकडचं तिकडे करायचं नाही असा दोघांनी दम भरलेला. दोन्हीकडे तात्या पोट धरून हसले, कारण दोन्ही खरोखर विनोदी होती. पण प्रत्येकात एक वाक्य होतं जे विनोदी नव्हतं. दादांच्या प्रहसनात रोगी विचारतो, "पण लढायचं कशासाठी?" आणि डॉक्टर म्हणतो, "वा! माझं दुकान चालायला नको?" धाकट्याच्या प्रहसनात शत्रू विचारतो, "मास्तर, हातात काय पडलं?" आणि मास्तर म्हणतात, "निवांत झोप. वाट बघायला माझं आहेच कोण?"

तात्यांनी घाबरत घाबरत दादांना म्हटलं, "दादा, ते दुकानाचं वाक्य जरा..."

"तू प्रॉम्प्टर आहेस की सेन्सॉर?"

धाकट्याकडे तर तोंड उघडायच्या आधीच उत्तर मिळालं. तात्या मूग गिळून घरी आले आणि ताईंना म्हणाले, "ही दोन वाक्यं एकदा चारचौघांत बोलली गेली की तुझे भाऊ संपले." ताईंनी कांदा चिरता चिरता नाक पुसलं. कांद्याचं निमित्त चांगलं असतं.

लढाईमुळे संध्याकाळी वीज जपून वापरायची होती, म्हणून प्रयोग दुपारचा होता. थिएटर गच्च. मधल्या वाटेच्या डावीकडे 'पुरे'वाले, उजवीकडे 'शेवटपर्यंत'वाले, कुणी न सांगताच. पडदा उघडला आणि पहिल्याच चिठ्ठीला डावी बाजू हसून लोळली. उजव्या बाजूला एकाएकी खोकल्याची साथ आली. दारामागून दार उघडत गेलं तशी डावीकडची एक बाई हसून हसून उचकीला लागली. ताई मधोमध, वाटेलगतच्या खुर्चीवर, मांडीत हात घट्ट धरून बसल्या होत्या.

मग रोग्याने विचारलं, "डॉक्टर, पण लढायचं कशासाठी?"

दादांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर समोरच्या, डाव्या विंगेत गेली. तिथं धाकटा आपल्या भूमिकेच्या वेषात तयार उभा होता. मफलर, हातात खडू. दादांच्या अंगावर धाकट्याचाच, ताईंकडे कधीतरी विसरलेला पांढरा कोट, धाकट्याच्या गळ्यात दादांसारखा मफलर. आपणच आपल्याकडे बघतोय असं दादांना वाटलं असेल, किंवा ते दुकानाचं वाक्य जिभेवर येऊन मागे फिरलं असेल. काही असो, दादा अडले.

आणि तात्यांच्या ओठांतून पुढचं वाक्य निसटलं. संहिता मांडीवर उघडी होती, पण तात्या संहितेत बघून थोडेच सांगत? त्यांच्या डोक्यात त्या प्रश्नापुढे दोन उत्तरं होती, एक सोमवारच्या तालमीचं आणि एक त्या रविवारचं. त्यातलं रविवारचं जुनं, म्हणून तेच आधी धावलं.

"उगाच गेला होता, असं उद्या त्याला कुणी म्हणू नये, म्हणून."

दादांना इतक्या वर्षांची सवय. तात्यांनी दिलेलं वाक्य तपासून घ्यायचं नसतं, बोलून टाकायचं असतं. त्यांनी ते बोलून टाकलं. धाकट्याच्या आवाजात, महिनाभर घोटलेल्या. आणि "म्हणून"वर तो आवाज धाकट्याचा फाटतो तसाच फाटला.

डावी बाजू हसायच्या बेतात होती, ती थांबली. उजव्या बाजूचा खोकला थांबला. आता कुणाची पाळी, हे कुणालाच कळेना. तात्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी घाईघाईने पुढचं वाक्य दिलं, त्याच्या पुढचं दिलं आणि प्रहसन लंगडत लंगडत शेवटाला पोचलं.

मध्यंतरात दादा विंगेत आले. "तात्या, ते वाक्य माझं नव्हतं."

"नव्हतं, दादा. चुकलं माझं."

"चुकलं," दादा म्हणाले. त्यांनी कोट काढला, आणि फेकला नाही, नीट घडी घालून हातावर घेतला. "त्यानं ऐकलं?"

"समोरच होता तो."

प्रेक्षकांत जाऊन बसायचं सोडून दादा तात्यांच्या मागेच, पडद्याच्या दोरीला टेकून उभे राहिले.

धाकट्याचं प्रहसन सुरू झालं. आता उजवी बाजू हसत होती आणि खोकल्याची साथ डावीकडे सरकली होती. धाकट्याचं पाठांतर म्हणजे दगडावरची रेघ. रंगमंचावर त्याला आयुष्यात कधी प्रॉम्प्टिंग लागलं नव्हतं. फळा पुसला गेला, स्टूल झालं, मास्तर एका पायावर उभे राहिले. शत्रूने विचारलं, "सगळं देऊन बसलात मास्तर, हातात काय पडलं?"

धाकटा छोटासा खोकला आणि थांबला. लोकांना वाटलं, विनोदासाठी थांबलाय. तो थांबलेलाच राहिला. मग त्याने मान उजव्या विंगेकडे वळवली आणि पहिल्या दोन रांगांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाजी, पुढचं?"

तात्यांचं बोट संहितेतल्या त्याच वाक्यावर होतं. त्यांनी बोट काढलं. या खेपेला चूक नव्हती. ते म्हणाले, "रविवारी तो जेवायला येईल."

धाकट्याने ते वाक्य दादांच्या आवाजात म्हटलं. एका पायावर उभं राहून, हातात फडकं धरून. कुणी हसलं नाही. मधल्या वाटेजवळ ताईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी, एकीचा बिल्ला हा आणि एकीचा तो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवले. तात्यांच्या मागे दोरी करकरली. दादांनी ती मुठीत आवळली होती.

पडदा पडल्यावर टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या, पण कशाला, ते बाहेर पडल्यावर जो तो वेगवेगळं सांगत होता. 'पुरे'वाले म्हणाले, बघा, धाकटासुद्धा आमचंच बोलला. 'शेवटपर्यंत'वाले म्हणाले, छे, दादांनी कबुली दिली. सोमवारी बेकरीत परत दोन रांगा होत्या. करार टेबलावर होता तिथंच होता. नाटकाने लढाया थांबत असत्या तर नटांना मानधन बरं मिळालं असतं.

पण त्याआधी रविवार आला. दुपारी ताईंनी दार उघडलं तर पायऱ्यांवर दोघेही. बरोबर आले नव्हते. एकाच वेळी पोचले होते आणि आता आधी आत कुणी शिरायचं यावर अडले होते.

"हा तुझा कोट," दादा म्हणाले. "धुऊन इस्त्री केलाय. पेन खिशात आहे."

"हे घे," धाकट्याने खोकल्याच्या औषधाची बाटली पुढे केली. "महिनाभर तुझा खोकला करून करून माझा घसा बसला. तुझं काय होत असेल?"

ताईंनी दोघांना आत ओढलं. एकच स्वयंपाक केला होता. कसा काय, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि तात्यांनी विचारलं नाही.

पहिला घास पोटात जायच्या आत वाद सुरू झाला. दादा म्हणाले करार, धाकटा म्हणाला पट्टा. दादा म्हणाले तुम्हा लोकांना अक्कल नाही, धाकटा म्हणाला तुम्हा लोकांना पाठीचा कणा नाही. तात्यांनी मात्र आज तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं आणि खबरदारी म्हणून तोंडात भला मोठा बटाटा भरला होता. घर पुन्हा भांड्यांच्या आणि भांडणाच्या आवाजाने भरलं होतं. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ताईंच्या नजरेतून बटाटा सुटला नाही. "अहो, तुम्ही का गप्प? इतकी वर्षं दोघांना शब्द पुरवताय. आज तुमचं काय मत आहे ते तुम्ही सांगा."

दोघे भाऊ खरोखर उत्सुकतेने तात्यांकडे बघू लागले. हे आपण कधी विचारलंच नाही, हे दोघांना त्याच क्षणी उमगलं असावं. तात्यांनी बटाटा गिळला.

"मला वाटतं..." ते म्हणाले, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "मला असं वाटतं की तो... तो..."

पुढचं काही येईना. मत होतं, पण शब्द नव्हते. तात्या ओठ हलवत बसले.

डावीकडून दादा झुकले आणि अगदी हळू, तात्यांच्याच पद्धतीने, कानाशी म्हणाले, "उगाच गेला होता, असं त्याला कुणी म्हणू नये."

त्याच वेळी उजवीकडून धाकटा झुकला. "रविवारी तो जेवायला येईल, दाजी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आपण कुणाचं वाक्य सांगतोय, हे दोघांच्याही लक्षात यायला जरा वेळ लागला. ताई हातातला डाव तसाच धरून उभ्या होत्या.

तात्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी पुढचं सांगत होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि चेहरा हसरा झाला.

"एकेक जण सांगा," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्याने. फार हळू सांगता बुवा तुम्ही."